छापखान्यातल्या जुन्या फ्लॉपी, मराठी डीटीपीची सॉफ्टवेअरं आणि संगणक मासिकं: जतनाला सुरुवात कुठून करावी?

छापखाना_मिरज

नमस्कार मंडळी,

मिरजेतल्या एका बंद पडलेल्या छापखान्याचं संगणकाचं सामान रद्दीत जाण्याआधी हाती आलं आहे. सव्वापाच इंची फ्लॉपी १४०च्या आसपास, त्यात ३६० केबीच्याही आहेत आणि १.२ एमबीच्याही. साडेतीन इंची साधारण ३००. श्रीलिपी आणि आयएसएम या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरांचे डबे, त्यांच्या पुस्तिका, मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायची दोन लॉक. एक जिस्ट कार्ड, डॉसमध्ये देवनागरी दाखवणारं. पीसीक्वेस्ट, चिप आणि डिजिटचे मिळून २००च्या वर अंक. काहींच्या सीडी अजून पाकिटात आहेत, काहींच्या सुट्या. सगळं खोक्यांत भरून तळमजल्यावर होतं, त्यामुळे ओल लागलेली आहे. काही फ्लॉपींवर पांढरे ठिपके दिसतात आणि मासिकांच्या पिना गंजल्या आहेत.

प्रश्न असे. आधी काय हाती घ्यावं? बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरेल का? फायली नुसत्या कॉपी केल्या तर चालेल की पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची जशीच्या तशी प्रत, काढावी लागते? मासिकं स्कॅन करताना शिवण उसवावी का? आणि पावसाळा तोंडावर आहे, तोवर हे सगळं ठेवायचं कसं?

चकतीवाला

सर्वांत आधी एक विनंती. एकही फ्लॉपी "चालते का बघू" म्हणून कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. ते पांढरे ठिपके बुरशीचे आहेत. ड्राइव्हचं हेड फ्लॉपीवर प्रत्यक्ष टेकून फिरतं, हार्डडिस्कसारखं तरंगत नाही. बुरशी हेडला चिकटते, पुढच्या फेरीत चुंबकीय थर खरवडते, आणि तेच घाण हेड नंतरच्या दहा चांगल्या फ्लॉपी खराब करतं.

पहिलं काम कॅमेऱ्याचं. प्रत्येक फ्लॉपीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पाकीट आणि लेबलासकट. लेबलाचा डिंक ओलीने सुटलेला असतो. आज चिकटलेलं लेबल महिन्याभरात खोक्याच्या तळाशी सापडतं आणि मग ते कुठल्या फ्लॉपीचं होतं हे कळायला मार्ग उरत नाही. पाकिटावर पेन्सिलने क्रमांक घाला: फ-००१, फ-००२. फ्लॉपीवर बॉलपेन टेकवू नका.

मग राइट-प्रोटेक्ट. यात दोन प्रकारांचा नियम अगदी उलटा आहे. सव्वापाच इंचीत कडेची खाच झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीत कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवली की लिहिणं बंद. खाच झाकायला पारदर्शक सेलोटेप वापरू नका. काही ड्राइव्ह खाच प्रकाशाने ओळखतात आणि त्यांना सेलोटेप दिसतच नाही. काळी इन्सुलेशन टेप लावा, इमेज निघाली की काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात तिचा चिकटा पसरतो. हे का करायचं? विंडोज ९५ आणि ९८ संरक्षण नसलेली फ्लॉपी नुसती वाचताना तिच्या बूट सेक्टरमधल्या, म्हणजे अगदी पहिल्या तुकड्यातल्या, निर्मात्याच्या नावाच्या जागी स्वतःची खूण लिहून ठेवतात. तुम्ही फक्त फायलींची यादी पाहिलेली असते, पण मूळ आठ बाइट गेलेले असतात.

यूएसबी ड्राइव्हबद्दल. तो साडेतीन इंचीच असतो, १.४४ एमबी वाचतो आणि बहुतेक वेळा ७२० केबीही. पण तो पुढे पाठवतो ते फक्त सरळ वाचता आलेले सेक्टर. सेक्टर अर्धवट वाचला गेला तर चूक दाखवून हात वर करतो, प्रत-संरक्षण असलेली फ्लॉपी त्याला कळत नाही, मॅकची ८०० केबीची तर मुळीच नाही. तुमच्या ढिगाला फ्लक्स पातळीवर वाचणारं साधन हवं, म्हणजे चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे वेळेसकट टिपणारं. ग्रीझवीझल हे त्यातलं स्वस्त आणि खुलं हार्डवेअर आहे, व्ही४ घ्या. क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रोही तेच काम करतात.

सोबत लागेल ते असं:

साडेतीन इंचीसाठी पीसीचा साधा १.४४ ड्राइव्ह. सव्वापाचसाठी १.२ एमबीचा ड्राइव्ह. टिॲक एफडी-५५जीएफआर किंवा पॅनासॉनिक जेयू-४७५ मिळाला तर उत्तम. ३४ पिनांची रिबन केबल, सव्वापाचच्या चपट्या कडेला बसणाऱ्या कनेक्टरसह. वीज हा इथला नेहमीचा घोटाळा आहे: साडेतीन इंची ड्राइव्ह ५ व्होल्टवर भागतो, पण सव्वापाचच्या मोटारीला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. जुन्या संगणकाचा एटीएक्स एसएमपीएस वापरा, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. जोडणी केल्यावर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेलाच राहिला तर केबल उलटी बसली आहे. लाल कड पिन १कडे आहे ना ते बघा.

१.२ एमबीचा ड्राइव्ह ३६० केबीची फ्लॉपी वाचतो, पण दोन गोष्टी सांभाळा. त्याचे ट्रॅक इंचाला ९६, फ्लॉपीचे ४८. म्हणून हेड एकाआड एक पायरीने हलवायचं, ग्रीझवीझलला स्टेप २ सांगायची. आणि त्या ड्राइव्हने ३६० केबीच्या फ्लॉपीवर लिहू नका. त्याचं हेड निम्म्या रुंदीचं असतं, जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध नवी अरुंद रेघ पडते आणि दोन्ही बाजूंना जुना डेटा उरतो; मग खऱ्या ३६० केबीच्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात आणि काहीच धड वाचता येत नाही.

वाचताना आधी कच्ची फ्लक्स फाइल काढा, एससीपी स्वरूपात, प्रत्येक ट्रॅकच्या किमान ३ फेऱ्या. ३६० केबीच्या फ्लॉपीची अशी फाइल साधारण १५ ते २० एमबी होते, १.४४ची ६० ते ७०. आज ही जागा काहीच नाही. त्या फ्लक्स फाइलवरून नंतर सेक्टरची इमेज बनवा. ती नेमक्या मापाची यायला हवी:

३६० केबी: ३,६८,६४० बाइट
७२० केबी: ७,३७,२८० बाइट
१.२ एमबी: १२,२८,८०० बाइट
१.४४ एमबी: १४,७४,५६० बाइट

एखादा सेक्टर हुकला तर लगेच फ्लॉपी पुन्हा फिरवू नका. आधी हेड पुसा, मग तोच ट्रॅक तेवढा १० फेऱ्यांनी वाचा. तरीही नाही आला तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा. ज्या ड्राइव्हवर ती फ्लॉपी लिहिली गेली त्याचं हेड किंचित सरकलेलं असू शकतं, आणि तुमच्या दुसऱ्या ड्राइव्हचं त्याच बाजूला सरकलेलं असेल तर जमून जातं. म्हणून दोन-तीन ड्राइव्ह हाताशी असणं हे महागड्या साधनापेक्षा उपयोगी पडतं.

देवनागरी८बिट

क्रमाबद्दल माझं ठाम मत: मराठी ते आधी. पीसीक्वेस्टचा अंक किंवा इंग्रजी सॉफ्टवेअर जगात आणखी दहा जणांकडे असेल. श्रीलिपीच्या एखाद्या विशिष्ट आवृत्तीची मूळ फ्लॉपी, तिची पुस्तिका, कळफलकाचा तक्ता आणि त्याच छापखान्यात त्यावर जुळवलेल्या फायली हे सगळं एका जागी सापडणं दुर्मीळ आहे. हे गेलं तर त्या काळात मराठी छपाई संगणकावर प्रत्यक्ष कशी होत होती याचा पुरावाच जातो.

प्रोग्रॅमची नुसती फ्लॉपी वाचवून भागत नाही. तिच्यासोबत हे सगळं लागतं.

लॉक. समांतर पोर्टचं, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टचं, लॉक नसेल तर ते सॉफ्टवेअर सुरू होत नाही किंवा छापायला नकार देतं. दोन्ही लॉकचे फोटो काढा, वरचे आकडे टिपा, कुठलं लॉक कुठल्या डब्यातून आलं ते लिहा. ते तपासायला यूएसबी-ते-समांतर केबल चालत नाही. ती केबल संगणकाला फक्त प्रिंटर म्हणून दिसते आणि प्रोग्रॅम थेट ३७८ या हेक्स पत्त्यावर लॉक शोधत असतो. मदरबोर्डवरच खरा समांतर पोर्ट असलेलं जुनं यंत्र हवं.

कळफलक. पुठ्ठ्यावर छापलेले तक्ते, कळांवर चिकटवायचे स्टिकर, प्लॅस्टिकची जाळी, जे असेल ते स्कॅन करा. एकाच सॉफ्टवेअरमध्ये इनस्क्रिप्ट, टाइपरायटर आणि ध्वनीनुसार असे निरनिराळे कळफलक असायचे आणि ऑपरेटर आपल्या सवयीचा निवडायचे.

फॉन्ट. टाइप १ फॉन्ट असतील तर पीएफबी आणि पीएफएम या दोन्ही फायली जोडीने ठेवा. एकीत अक्षरांचे आकार असतात, दुसरीत मापं. ॲडोबीने जानेवारी २०२३मध्ये टाइप १चा आधार काढून घेतला, त्यामुळे ॲडोबीच्या आजच्या प्रोग्रॅममध्ये ते दिसणार नाहीत. म्हणून ते "बिघडलेत" असं समजून कुणी पुसू नये.

आता फायलींमधल्या मजकुराबद्दल, कारण इथे बरेच जण चुकतात. छापखान्याच्या फायलींत मराठी दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी साठवलेली असते. एक, फॉन्टच्या आकारांप्रमाणे: श्रीलिपी किंवा आयएसएमचा डीव्ही-टीटी योगेश लावून पेजमेकरमध्ये जुळवलेलं. दुसरी, इस्की, म्हणजे आयएस १३१९४:१९९१ या भारतीय मानकाप्रमाणे.

ओळखायची खूण ऱ्हस्व वेलांटी. "किती" हा शब्द घ्या. फॉन्टच्या फायलीत वेलांटीचा आकडा कच्या आधी येतो, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. इस्कीत तो कनंतर येतो, कारण बोलताना ती नंतर येते. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून असा एखादा शब्द शोधला की दोन मिनिटांत उलगडा होतो. इस्की असेल तर "मराठी" हा शब्द २०४, २०७, २१८, १९०, २२० असा दिसतो: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. क म्हणजे १७९, ळ म्हणजे २१०, हलन्त २३२.

तुमच्याकडे जिस्ट कार्ड आहे म्हणून एक जास्तीची सूचना. डॉसमध्ये १७६ ते २२३ हे आकडे चौकटी आखायच्या रेघांचे. ते मोकळे राहावेत म्हणून इस्कीची फेरमांडणी केलेलं पीसी-इस्की नावाचं रूप होतं. वर्डस्टार किंवा डीबेसच्या फायलीत १७६ ते २२३ या टापूत जवळजवळ काहीच नाही आणि त्याच्या खाली-वर मात्र गर्दी आहे, असं दिसलं तर ते पीसी-इस्की. आधी आकड्यांचा तक्ता बदलून ते साध्या इस्कीत आणा. तिथून पुढे आयसीयू या खुल्या संचातल्या यूकॉन्व्ह या प्रोग्रॅमला इस्कीचं देवनागरी रूप वाचता येतं आणि युनिकोड मिळतं.

रूपांतर काहीही करा, मूळ फाइल हलवू नका. पेजमेकरच्या फायलींसाठी मी तीन गोष्टी एकत्र ठेवायला सांगेन: मूळ फाइल, तिला लागणारे नेमके फॉन्ट, आणि जुन्या विंडोजमध्ये उघडून फॉन्टसकट काढलेली पीडीएफ. ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज ९८ नीट चालतं. पीडीएफ नसेल तर वीस वर्षांनी कुणालाच कळणार नाही की पान मुळात कसं दिसत होतं.

जिस्ट कार्डाची नक्कल मात्र माझ्या माहितीप्रमाणे कुठलाही एम्युलेटर करत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआय स्कॅन करा, रॉम चिपवर स्टिकर असेल तर ते काढू नका. पुसता येणारी ईप्रॉम असेल तर स्टिकरखाली काचेची खिडकी असते आणि तिच्यावर ऊन पडत राहिलं की आतला मजकूर उडतो. ईप्रॉम वाचणारा प्रोग्रामर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून रॉम उतरवून घ्या.

जीर्णपान

मासिकांकडे येतो.

आधी कीड. पानांत रुपेरी कसर किंवा वाळवीची माती दिसली तर ते अंक बाकीच्यांपासून वेगळे करा. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच खोलीत राहू द्या. नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं. हे फक्त कागदाला. फ्लॉपी आणि सीडी फ्रीझरमध्ये ठेवू नका, म्हणजे अंकाला चिकटवलेली सीडी आधी सोडवा.

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ सीडीच्या कडक डब्यांच्या प्लॅस्टिकला मऊ करते आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

गंजलेल्या पिना ओढून काढू नका, कागद फाटतो आणि गंजाची भुकटी पानांवर पसरते. अंक मधोमध उघडून ठेवा, पिनेचे वळलेले दोन्ही पाय पातळ बोथट सुरीने किंवा दंतवैद्याच्या सपाट हत्याराने सरळ उभे करा, अंक पालथा करा आणि बाहेरून पीन उचला. पाय आणि कागद यांच्यामध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटचा तुकडा सरकवला की सुरी कागदाला लागत नाही. स्कॅन झाल्यावर त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवा. नवी पीन मारू नका.

पाठीला गोंद लावलेले जाड अंक हा वादाचा विषय. पाठ कापून फीडरमधून पानं सोडली तर १०० पानांचा अंक १० मिनिटांत होतो. न कापता सपाट स्कॅनरवर तासाच्या वर लागतो आणि शिवणीजवळची ओळ वाकडी येते. मी कापायला सांगतो, पण दोन अटींवर: त्या अंकाची आणखी एक धड प्रत कुठे तरी आहे, आणि पाठीची कापलेली पट्टी तुम्ही ठेवणार आहात. कापायचं तर कात्रीने नको. बायंडरकडच्या गिलोटिनवर कडेपासून ३ मिलिमीटरवर एकच घाव. एकच प्रत असेल तर कापू नका, वरून कॅमेरा लावून काढा.

स्कॅनची मापं: ३०० डीपीआय किमान, बारीक टाइपाच्या जाहिराती आणि सर्किटच्या आकृत्या असतील तिथे ४००. रंगीत २४ बिट. ए४ पानाची न दाबलेली टिफ फाइल ३०० डीपीआयला साधारण २६ एमबी, ४००ला ४६. म्हणजे १०० पानांचा अंक २.६ जीबी आणि तुमचे २०० अंक मिळून अर्धा टीबीच्या थोडं वर. ही मूळ प्रत. वाचायची पीडीएफ तिच्यावरून वेगळी बनते.

स्कॅनरमधलं डीस्क्रीन, शार्पन, रंग आपोआप सुधारणं हे सगळं बंद ठेवा. छपाईच्या ठिपक्यांवर जाळीदार नक्षी दिसते ती नंतर घालवता येते; स्कॅनरने एकदा पुसट केलेलं अक्षर परत मिळत नाही. पातळ कागदावर मागच्या पानाचं उमटत असेल तर पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. पांढऱ्या पाठीवरून प्रकाश परततो आणि मागची छपाई पुढे दिसते, काळा तो शोषून घेतो. सपाट स्कॅनरच्या झाकणाला आतून काळा पुठ्ठा चिकटवून टाका, काम सोपं होतं.

पानं सरळ करायला, कडा छाटायला स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड. अक्षर ओळखायला टेसरॅक्ट. त्यात मराठीचा संच वेगळा आहे, इंग्रजी मासिकात मधेच मराठी जाहिरात असेल तर दोन्ही संच एकत्र सांगा.

जाहिराती, वर्गणीचं कार्ड, मधली घडीची पत्रिका, वाचकाने समासात पेन्सिलने लिहिलेलं, यातलं काहीही गाळू नका. एखादं यंत्र किंवा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्या महिन्यात पुण्यात किती रुपयांना मिळत होता हे लेखात कधीच नसतं, जाहिरातीत असतं.

देवनागरी८बिट

जीर्णपान यांच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे. "आणखी एक प्रत कुठे तरी आहे" हे भारतीय मासिकांच्या बाबतीत गृहीत धरू नये. मोठ्या ग्रंथालयांत अंक असतात ते बऱ्याचदा बांधलेले, आणि बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली. सीडी तर सहसा नसतेच. मुखपृष्ठासकट पूर्ण प्रत दुसरीकडे स्वतः पाहिल्याशिवाय गिलोटिनखाली घालू नका.

जीर्णपान

मान्य. वर लिहिलेली अट तशीच वाचावी: दुसरी प्रत पूर्ण आणि डोळ्यांनी पाहिलेली.

पावसाळी_कपाट

सीडी आणि साठवणीबद्दल.

मासिकांसोबत येणाऱ्या सीडी कारखान्यात दाबून काढलेल्या असतात, त्या टिकाऊ. छापखान्याने स्वतः लिहिलेल्या सीडी-आर आधी घ्या. त्यांचा रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने उतरतो. सीडीची लेबलाची बाजू जास्त नाजूक असते. परावर्तक थर तिथे पातळ लाखेखाली असतो, तिथला ओरखडा म्हणजे डेटा गेला. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा वाचता येतो. पुसताना मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल नाही.

फायली ओढून कॉपी करू नका, पूर्ण इमेज काढा. लिनक्सवर डीडीरेस्क्यू, ब्लॉक २०४८ बाइटचा, आधी एक वेगवान फेरी आणि मग अडलेल्या जागांवर पुन्हा. नोंदीची मॅप फाइल जपा. तीच देऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेले सेक्टर तेवढे वाचता येतात. सीडीवर गाण्याचे ट्रॅकही असतील तर आयएसओ पुरत नाही, बिन आणि क्यू जोडी काढा. पीसीक्वेस्टच्या लिनक्स सीडी असतील तर त्या बूट होतात की नाही हे एम्युलेटरमध्ये तपासा. फायली सगळ्या आल्या तरी बूटचा भाग हुकलेला असू शकतो.

पावसाळ्यासाठी: फ्लॉपीला १८ ते २२ अंश आणि ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. आपल्याकडे पावसात घरातही ८० टक्क्यांच्या वर जाते. सगळी खोली कोरडी ठेवणं परवडत नाही, डबा कोरडा ठेवणं परवडतं. रबरी कडेचे हवाबंद डबे, प्रत्येक ५ लिटरला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल, आत २०० ते ३०० रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना २ तास तापवा आणि गार झाल्यावर परत ठेवा. मात्र ओली वस्तू डब्यात बंद करू नका. आधी पंख्याखाली सावलीत ४-५ दिवस सुकू द्या. नाहीतर आतच बुरशी वाढते.

लोखंडी कपाटाने फ्लॉपी खराब होत नाही, तो गैरसमज आहे. पण ते बाहेरच्या भिंतीला टेकवलं तर पावसात आतून घाम येतो. भिंतीपासून ४ इंच पुढे, आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा. फ्लॉपी उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात.

छापखाना_मिरज

सर्वांचे मनापासून आभार. साधनं जमली, ६० फ्लॉपी झाल्या. तीन अडचणी:

१) आठ फ्लॉपींवर बुरशी आतपर्यंत आहे. आणखी एक फिरवल्यावर चिरका आवाज आला, लगेच थांबवलं.
२) साडेतीन इंचीतल्या ४० फ्लॉपी मॅकच्या निघाल्या, "फॉन्ट" असं लिहिलेल्या.
३) एका सव्वापाच इंची फ्लॉपीवर लाल शाईत "जोशी व्हायरस, वापरू नये" असं लिहिलंय. ही वाचावी का?

चकतीवाला

थांबवलंत ते योग्य केलंत. आवाज येणाऱ्या फ्लॉपीची खिडकी उजेडात धरा. गोल चरे दिसत असतील तर थर सुटतोय. आरपार पारदर्शक रेघ दिसली तर तेवढा ट्रॅक गेला. तिला आता हात लावू नका, हेड आधी साफ करा: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, वरचा दांडा अगदी थोडा उचलून. जास्त उचलला तर हेडची स्प्रिंग वाकते आणि तो ड्राइव्ह कायमचा गेला. हे अल्कोहोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं.

बुरशीच्या आठ फ्लॉपी अशा धुवा. मास्क आणि हातमोजे घाला, उघड्या हवेत बसा. सव्वापाचच्या आवरणाची वरची कड ब्लेडने चिरा आणि चकती सरकवून बाहेर काढा. काढण्याआधी वरच्या बाजूला मधल्या कड्यावर मार्करने छोटा ठिपका द्या, म्हणजे बाजू उलटी होणार नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, चकती बुडवून बोटाने हलकेच फिरवा, स्वच्छ पाण्यात दोनदा विसळा. मग अल्कोहोलने ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा दाब न देता फिरवा. कपड्यावर तपकिरी रंग उतरला तर लगेच थांबा, तो बुरशीचा नाही, चुंबकीय थराचा आहे. पूर्ण सुकल्यावर बिनकामाच्या स्वच्छ फ्लॉपीच्या आवरणात घाला. जुनं आवरण परत वापरू नका, त्याच्या आतल्या अस्तरात बुरशी तशीच असते. आणि एका बैठकीत सगळ्या फेऱ्या वाचून घ्या, दुसरी संधी मिळेलच असं नाही.

मॅकच्या ८०० केबी फ्लॉपी साध्या पीसी ड्राइव्हने वाचता येतात. मूळ मॅक ड्राइव्ह आतल्या-बाहेरच्या ट्रॅकला मोटारीचा वेग बदलायचा. ग्रीझवीझल स्थिर वेगाने फ्लक्स घेतं आणि तो फरक नंतर हिशेबात धरतं. इमेज ८,१९,२०० बाइटची आली पाहिजे. एक धोका: मॅकच्या फायलीला दोन भाग असतात आणि फॉन्टचा सगळा जीव त्यातल्या रिसोर्स फोर्कमध्ये असतो. विंडोजवर फाइल ओढून घेतलीत की तो भाग गळतो आणि शून्य बाइटची फाइल उरते. म्हणून इमेज हीच मूळ प्रत, फायली कधीच बाहेर काढून ठेवायच्या नाहीत.

घाटमाथा_८६

जोशीची फ्लॉपी नक्की वाचा. तो आपल्याकडच्या संगणक-इतिहासाचा भाग आहे. १९९०मध्ये भारतात सापडलेला हा बूट सेक्टरचा व्हायरस. ५ जानेवारीला यंत्र अडवायचा आणि "हॅपी बर्थडे जोशी" असं टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही.

इमेज काढून तुमच्या आजच्या यंत्राला लागण होत नाही. तो पसरायचा ते त्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू केल्यावर. पण वाचताना एक गोष्ट सांभाळा. हा व्हायरस फ्लॉपीवर एक जास्तीचा ट्रॅक आखून घेतो आणि आपला उरलेला भाग, मूळ बूट सेक्टरसकट, तिथे ठेवतो. ३६० केबीच्या फ्लॉपीला ट्रॅक ० ते ३९ असे ४०. याचा ट्रॅक ४१वा, म्हणजे क्रमांक ४०. नेहमीची ३,६८,६४० बाइटची इमेज काढली तर तो ट्रॅक त्यात येतच नाही: व्हायरसचं डोकं हाती लागतं आणि फ्लॉपीचा खरा बूट सेक्टर हरवतो. म्हणून फ्लक्स घेताना ० ते ४१ अशी मर्यादा सांगा. खरं तर ३६० केबीच्या सगळ्याच फ्लॉपींसाठी हीच मर्यादा ठेवा (७२० केबी, १.२ आणि १.४४ एमबीला ट्रॅक ८०, तिथे ० ते ८१), प्रत-संरक्षणवालेही असे जास्तीचे ट्रॅक वापरायचे.

मूळ इमेज साफ करू नका. फाइलच्या नावात "बाधित" लिहा आणि ती पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये ठेवा, नाहीतर अँटीव्हायरस एखाद्या दिवशी न विचारता पुसून टाकेल. साफ केलेली प्रत हवी असेल तर वेगळ्या नावाने.

पावसाळी_कपाट

कायद्याचं कुणी विचारलं नाही, पण इमेज तयार झाल्या की तो प्रश्न येणारच. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२(१)(एए)प्रमाणे प्रोग्रॅम ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला हरवणं, नष्ट होणं, बिघडणं यांपासून तात्पुरता बचाव म्हणून प्रत काढता येते. कलम ५२(१)(एन)प्रमाणे ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. सगळ्यांसाठी खुलं करणं ही वेगळी गोष्ट, त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. आणि छापखान्याच्या कामाच्या फायलींत लोकांच्या लग्नपत्रिका, मतदारयाद्या, पत्ते असतील. त्या इमेज वेगळ्या ठेवा, बाहेर देऊ नका.

शेवटी नोंद: प्रत्येक फाइलचा शा-२५६ (फाइल जराही बदलली तर बदलणारा ठशासारखा आकडा) काढून एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा, तीन प्रती, त्यातली एक मिरजेबाहेर. दर वर्षी पावसाळ्यानंतर तिन्ही पडताळा.

छापखाना_मिरज

जोशीची फ्लॉपी ० ते ४१ वाचली, ४१व्या ट्रॅकवर खरंच मजकूर आहे. उद्यापासून श्रीलिपीचे डबे घेतो. कुणाकडे कार्ड-एज जातीच्या, म्हणजे सव्वापाचच्या चपट्या कडेला बसणाऱ्या ३४ पिनांच्या केबलचा जादा कनेक्टर असेल तर कळवा, माझा सैल झालाय.

चकतीवाला

नवीन घेऊ नका, आधी ड्राइव्हची सोनेरी कड पांढऱ्या खोडरबराने घासा आणि अल्कोहोलने पुसा. दहातल्या सात वेळा कनेक्टर सैल नसतो, ती कड काळी पडलेली असते. तरीही हलत असेल तर ३४ पिनांचा कार्ड-एज कनेक्टर सुटा मिळतो. रिबनवर ठेवून बाकावरच्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) सावकाश दाबला की बसतो. हातोडी मारू नका, मधल्या पिना वाकतात.